राणीखेतला दिवसाउजेडी न्या

प्रति,
महाराष्ट्रातून उत्तराखंडातल्या कुमाऊँच्या सहली काढणारे सर्व आयोजक आणि बसमध्ये ड्रायव्हरशेजारी बसणारे त्यांचे टूर लीडर यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीतल्या सहलींची तुमची पत्रकं यायला लागली. नैनिताल, कौसानी, कॉर्बेट आणि त्यांच्या अधेमधे कुठेतरी एक ओळ: 'राणीखेतकडे प्रयाण, रात्री मुक्काम.' कंपनी कुठलीही असो, ओळ तीच. एकाने लिहिली आणि बाकीच्यांनी उतरवून घेतली असं वाटावं इतकी तीच. माझी तक्रार या ओळीतल्या 'रात्री'बद्दल आहे.

मागणी आधीच सांगून टाकते, कारण लांबलचक पत्रं शेवटपर्यंत कुणी वाचत नाही आणि बुकिंगच्या दिवसांत तुम्हाला तर मान वर करायला फुरसत नसते. राणीखेतला बस दुपारच्या जेवणाआधी पोचू द्या, आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या आत हलवू नका. जादा रात्र मागत नाही. हॉटेलचं बिल तेवढंच येईल. फक्त वेळा सरकवायच्या आहेत.

सध्या काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. प्रवाशाच्या सीटवरून ते कसं दिसतं तेवढं सांगते. सकाळी नैनितालमध्ये राहिलेला एखादा पॉइंट, मग मॉल रोड, मग मेणबत्त्यांची खरेदी. (या मेणबत्त्या घरी येईपर्यंत कधीच सरळ राहत नाहीत, पण ते असो.) जेवण हॉटेलवर, कारण महाराज सोबत आहेत आणि पोळ्या गरम वाढायच्या आहेत. निघायला अडीच वाजतात. भवालीच्या पुढे कैंची धामच्या अलीकडे गाड्यांची रांग लागते. नीम करौली बाबांच्या दर्शनाला अलीकडे इतकी गर्दी होते की दोन डोंगरांमधला तो अरुंद रस्ता तासन्‌तास तुंबतो. दर्शन ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग, मी फक्त रस्त्याबद्दल बोलतेय. तिथून सुटलं की नदीच्या काठाने गरमपाणी, खैरना. खैरनाला पूल ओलांडून राणीखेतचा चढ सुरू होतो, आणि नेमका तिथेच उजेड संपतो. नोव्हेंबरात तिकडे साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो. आपण मुंबई-पुण्याच्या सवयीने 'सहापर्यंत उजेड असतोच की' असा हिशेब करतो, तो तिथे चुकतो.

म्हणजे चिडाचं (पाइनचं) जंगल सुरू होतं तेव्हा बसच्या काचेत आपलाच चेहरा दिसत असतो. वळणांनी निम्म्या लोकांना मळमळतंय, पुढच्या सीटवरून आल्याच्या वड्या मागे सरकवल्या जातायत, आणि टूर लीडर बिचारा अंताक्षरी घेतोय. हॉटेलवर चहा-भजी, बॅगा, खोल्यांच्या किल्ल्या, 'आमच्या गिझरचं पाणी येत नाही' अशी ठरलेली भांडणं, जेवण, आणि शेवटी उद्याची घोषणा: सहा-सात-आठ. सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस सुटणार.

या सहा-सात-आठबद्दल मला आदर आहे. चाळीस मराठी माणसं एका वेळी एका बसमध्ये बसवणं हे येरागबाळ्याचं काम नाही, आणि त्या शिस्तीपायी तुम्ही नावारूपाला आलात. दिल्ली-आग्र्याला ती हवीच. राणीखेतला मात्र ती नेमकी नको त्या वेळेवर येऊन बसते. दिवाळीच्या सुमारास तिथे साधारण साडेसहाला सूर्य उगवतो. गावात ऊन यायच्या आधी वर शिखरांवर रंग चढतो. त्रिशूळ आहे ७,१२० मीटर, नंदादेवी ७,८१६ मीटर. पूर्णपणे भारतात असलेलं हे सर्वांत उंच शिखर. उजेड आधी त्यांच्यावर पडतो, मग खालच्या डोंगरांवर, मग कौलांवर. हा सगळा खेळ अर्ध्या-पाऊण तासाचा. आणि त्याच वेळात तुमचे चाळीसच्या चाळीस प्रवासी आंघोळीला नंबर लावून बसलेले असतात, कारण सातला नाश्ता आहे. ज्यांच्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे त्यांना फुकटात दिसतं. बाकीच्यांना नाश्त्याच्या टेबलावर उत्तरेवाल्यांच्या मोबाइलमध्ये.

'तिथे बघायला काय आहे?' हा प्रश्न मला ठाऊक आहे. तुम्हाला प्रवासी विचारतात आणि तुम्ही हॉटेलवाल्याला विचारता. खरं उत्तर असं की नैनितालसारखं एका तलावाभोवती बांधलेलं हे गाव नाही. इंग्रजांनी १८६९ मध्ये इथे लष्कराची छावणी वसवली. त्या वेळचा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो या जागेवर इतका खूश होता की सैन्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे हलवावं असा प्रस्ताव त्याने मांडला होता. ते झालं नाही, त्यामुळे राणीखेतचं सिमला व्हायचं टळलं. आजही ही छावणीच आहे. कुमाऊँ रेजिमेंटचं केंद्र इथे आहे, सकाळी जवानांच्या कवायतीचे आवाज ऐकू येतात, मॉल रोडवर दुकानं कमी आणि झाडं जास्त. सदर बाजार काय तो गजबजलेला, आणि तोही रात्री लवकर आवरतो. तुमचं जेवण होऊन पाय मोकळे करायला माणसं बाहेर पडतात तोवर फळ्या लागलेल्या असतात. शिवाय बिबट्याच्या धाकाने अंधार पडल्यावर रस्त्याने फिरू नका असं हॉटेलवालेच बजावतात. मग उरतो हॉटेलचा लाउंज आणि तिथला टीव्ही.

(महाराष्ट्रात या गावाचं नाव पर्यटकांपेक्षा कोंबड्या पाळणाऱ्यांना जास्त माहीत आहे. ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात तोच राणीखेत रोग. ही प्रसिद्धी पुसायची तर माणसं दिवसा न्यायला हवीत.)

बघायचं म्हणाल तर मी एकच वाट सांगते, यादी करत नाही. दुपारी जेवून, थोडं लवंडून, साडेतीनला माणसांना चौबटियाच्या रस्त्यावर सोडा. वाटेत झूला देवीचं मंदिर लागतं. मंदिर लहान, पण नवस फेडणाऱ्यांनी बांधलेल्या घंटा इतक्या की भिंतीला हात लावायला जागा नाही. जंगली जनावरांपासून रक्षण करणारी देवी म्हणून आसपासच्या गावांनी ती मांडली, अशी कथा सांगतात. पुढे चौबटियाला सरकारी फळबाग आहे: सफरचंद, आलुबुखार, जर्दाळू, पीच. दिवाळीत झाडावर सफरचंद नसतं, हंगाम उरकलेला असतो. हे पत्रकात प्रामाणिकपणे लिहा, नाहीतर लोक बागेत उभं राहून तुमच्या नावाने बोटं मोडतात. बागेपर्यंत बसने जा, पण परतताना ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांना दोन-अडीच किलोमीटर पायी येऊ द्या. बस मागून हळूहळू येईल. जंगल कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

चिडाच्या जंगलात खाली झुडपं फारशी नसतात. पायाखाली वाळलेल्या सुयांचा तपकिरी थर असतो, त्याला तिकडे पिरूल म्हणतात. उतारावर तो चिक्कार घसरतो, तेव्हा गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत, ही सूचना स्वेटर-कानटोपीच्या यादीत टाकाच. काही खोडांवर साल तासून खाली भांडं अडकवलेलं दिसतं. त्यात लीसा, म्हणजे चिडाचा राळेसारखा चीक, साठतो. त्यापासून टर्पेंटाइन निघतं. बसमधल्या मुलांना हे भांडं कुणी दाखवलं तर ती अर्धा तास तिथून हलणार नाहीत. आणि वरून वारा गेला की सुयांतून जो आवाज निघतो तो मोटारीच्या इंजिनाखाली ऐकू येत नाही, एवढंच सांगते. त्याचं वर्णन करायला गेले तर तुमच्या पत्रकातली विशेषणं मला उसनी घ्यावी लागतील.

सकाळचं म्हणाल तर शिखरं बघून, सावकाश नाश्ता करून, नऊच्या सुमारास कुमाऊँ रेजिमेंटच्या शाल कारखान्यात जा. एका जुन्या चर्चमध्ये हातमाग बसवलेत. सैनिकांच्या विधवा आणि जवानांच्या घरच्या बायका तिथे लोकरीच्या शाली आणि ट्वीड विणतात. वर चर्चचं उंच छत आणि खाली मागाची खटखट. माझ्याबरोबरच्या एका गटाला हा कारखाना ऐन निघायच्या गडबडीत बसमधूनच 'उजवीकडे बघा' म्हणून दाखवण्यात आला होता. त्याच गटाला पुढे वाटेत एका दुकानापाशी पाऊण तास उतरवलं, जिथली शाल लुधियानाची होती आणि भाव विचारला की दुकानदार आधी टूर लीडरकडे बघायचा. या व्यवहाराबद्दल आपण दोघंही समजून आहोत, जास्त लिहीत नाही.

रेजिमेंटचं संग्रहालयही आहे. तिथे टूर लीडरने काय सांगावं? काश्मीरात बडगामला ३ नोव्हेंबर १९४७ रोजी लढताना पडलेले मेजर सोमनाथ शर्मा ४ कुमाऊँचे, म्हणजे रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनचे. देशातलं पहिलं परमवीर चक्र त्यांचं. लडाखमध्ये रेझांग ला इथे १८ नोव्हेंबर १९६२ रोजी आपल्या कंपनीसह शेवटपर्यंत लढलेले मेजर शैतान सिंह १३ कुमाऊँचे. आणि परमवीर चक्राचा नमुना घडवला तो सावित्रीबाई खानोलकरांनी, म्हणजे युरोपातून येऊन विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलेल्या, मराठी शिकलेल्या बाईंनी. त्यांची थोरली मुलगी सोमनाथ शर्मांच्या भावाला दिलेली. ही गोष्ट मराठी माणसांच्या बसमध्ये सांगितली तर अंताक्षरीची गरज पडणार नाही. तारखा बघा, दोन्ही नोव्हेंबरातल्या. तुमचे दिवाळीचे गट नेमके त्याच सुमाराला तिथे असतात.

आता तुमच्या अडचणी. नैनितालची सकाळ बुडते, हे खरं. बुडू द्या. दोन्ही गावांत अंतर साठेक किलोमीटर. नैनितालहून सातला निघालात तर कैंची धाम आठच्या आत, गर्दी जमायच्या आधी. ज्यांना दर्शन घ्यायचं ते घेतील, रस्ताही मोकळा. खैरनाला चहा. तिथल्या टपऱ्यांवर आलूचे गुटके आणि राई वाटून घातलेलं काकडीचं रायतं मिळतं. नाकात झणका जातो आणि मळमळ पळते, हा माझा अनुभव. राणीखेत अकरा-साडेअकराला. खोल्या बाराशिवाय मिळत नाहीत म्हणाल, तर बॅगा लॉबीत ठेवून माणसं अंगणात उन्हाला बसतील. थंडीतल्या उन्हात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायला मराठी माणूस कधी कुरकुरलेला मी पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी साडेदहाला निघून द्वाराहाटची कत्युरी काळातली देवळं बघत कौसानीला उजेडातच पोचता येतं. आणि ड्रायव्हरचं काय? तो पहाडातलाच, त्याला रात्रीच्या वळणांचं भय नसेल. पण त्याला झोप हवी आणि आम्हाला तो झोपलेला हवा, रात्री, हॉटेलात.

ज्येष्ठ नागरिक कंटाळतील, हा आक्षेप मी तुमच्याच एका कार्यालयात ऐकला. मी स्वतः ज्येष्ठ आहे. आम्ही कंटाळतो ते बसमध्ये.

मे महिन्याच्या गटांबद्दल वेगळं बोलायला हवं. मुखपृष्ठावर हिमशिखरांच्या रांगेचा फोटो छापून तुम्ही शाळेच्या सुट्टीत माणसं नेता, तेव्हा शिखरं बहुतेक दिवस धुरकटात बुडालेली असतात. खालच्या मैदानातली धूळ असते आणि जंगलाच्या आगींचा धूर. उत्तराखंडात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा काळ धरतात, आणि ज्याच्यावरून आपण घसरतो तोच पिरूल तेव्हा पेट घेतो. जून २०२४ मध्ये राणीखेतच्याच अल्मोडा जिल्ह्यात बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार जण जागीच होरपळून मेले. जंगलातून पिरूल उचलला जावा म्हणून सरकार तो लोकांकडून विकत घ्यायला लागलं आहे. आणि आपण काय करतो? मेमध्ये, चिडाच्या झाडाखालच्या हिरवळीवर, 'कॅम्पफायर विथ म्युझिक' करतो. पत्रकात त्याला स्वतंत्र ओळ असते. ती ओळ मेच्या पत्रकातून काढा. म्युझिकही काढलंत तर छावणीतली माणसं दुवा देतील, पण ते माझ्या मागणीत नाही. मेमध्ये शिखरांऐवजी काफल छापा. लालभडक, करवंदाहून लहान, आंबटगोड. रस्त्याच्या कडेला पोरं टोपल्या घेऊन बसतात. तेवढ्यासाठीही बस दिवसा थांबावी लागते.

पाण्याचं गाऱ्हाणं मोठं आहे, थोडक्यात मांडते. पहाडात पाणी झऱ्यांचं. दगडाने बांधलेल्या जुन्या झऱ्यांना तिकडे नौला म्हणतात, आणि हिमालयातले निम्म्याच्या आसपास झरे आटत चाललेत असं नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात म्हटलं होतं. त्या गावात सकाळी सहाला चाळीस माणसं एकदम बादल्या सोडतात. आदल्या दुपारी पोचलेला माणूस उन्हात आंघोळ उरकून घेतो, सकाळी तोंड धुऊन शिखरं बघायला जातो. मी उपदेश करत नाही. वेळ बदलली की हे आपोआप होतं, एवढंच म्हणणं.

जेवणाचंही तसंच. तुमचे महाराज जिंदाबाद, परमुलखात वरण-भात मिळतो त्याची किंमत मला आहे. पण कुमाऊँत मंडुआ पिकतो तो आपली नाचणी, आणि गहत म्हणजे आपला कुळीथ. कोकणातल्या माणसाला राणीखेतमध्ये कुळथाचं पिठलं आणि नाचणीची भाकरी खाऊ घालायला महाराजांना काय जड आहे? फक्त पोतं हल्द्वानीहून न भरता सदर बाजारातून दोन किलो घ्यायचं. त्यासाठी बाजार उघडा असताना पोचलं पाहिजे. आज तुमचा गट राणीखेतमध्ये हॉटेलच्या बिलापलीकडे जवळजवळ काहीच खर्च करत नाही. चहावाला, फळवाली, शाल विणणारी बाई, चौबटियाला नेणारा टॅक्सीवाला, कुणालाच तुम्ही आलात आणि गेलात हे कळत नाही.

तेव्हा विनंती अशी: दिवाळीच्या पत्रकाची शेवटची प्रत छापायला जाण्याआधी ती एक ओळ बदला. 'राणीखेत : सकाळी अकरापर्यंत आगमन, दुसऱ्या दिवशी साडेदहाला प्रस्थान.' तुमच्यापैकी जो कुणी हे आधी छापेल त्याच्याकडे माझी आणि माझ्या तीन मैत्रिणींची आगाऊ रक्कम त्याच आठवड्यात जमा होईल. खोल्या उत्तरेच्या द्याव्यात. जमत नसेल तर दक्षिणेच्या चालतील, आम्ही अंगणात उभ्या राहू.

आपली,
चौथ्या-पाचव्या रांगेतली, खिडकीची जागा मागणारी एक प्रवासी